बेट बेटावरचा दरवाजा दरवाजा

दीव मी पहिल्यांदा पाहिलं ते चार तासांत. सोमनाथ, द्वारका, गीर अशी आठ दिवसांची सहल होती. बसमध्ये चाळीसेक माणसं, त्यांतली निम्मी साठीच्या पुढची, आणि कार्यक्रमाच्या कागदावर सोमनाथानंतर एका ओळीत लिहिलेलं : 'दीव, स्थलदर्शन व परत'. बस खाडीवरचा पूल ओलांडून आत शिरली मात्र, आणि चार दिवस मागच्या बाकांवर पेंगत असलेला पुरुषवर्ग एकदम ताठ बसला. किल्ल्यात गाइड तोफा दाखवत होता तेव्हा ऐकायला आम्ही बायका आणि एक निवृत्त इतिहासाचे मास्तर. बाकीचे 'जरा चहा घेऊन येतो' म्हणून गेले होते, ते बस सुटायच्या वेळी, चहानं माणूस जितका खुलतो त्याहून जरा जास्तच खुलून परत आले.

परतीच्या वाटेवर चेकनाका. गुजरातेत दारूबंदी, दीव केंद्रशासित, त्यामुळे पलीकडं बाटली नेणं गुन्हा. सहलीच्या व्यवस्थापकानं हे तीनदा बजावलं होतं. तरी एका काकांच्या थैलीत, सोवळ्याच्या घडीत, एक निघालीच. "खोकल्याचं औषध आहे," काका म्हणाले. पोलिसानं बाटलीकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं आणि बस बाजूला घ्यायला सांगितली. किल्ल्यासाठी आम्हाला पन्नास मिनिटं मिळाली होती. नाक्यावर दीड तास गेला.

ह्या गोष्टीचा राग माझ्या मनात बरीच वर्षं होता. एवढा जुना किल्ला, एवढा समुद्र, आणि माणसं येतात ती बाटलीसाठी! मग यंदा संक्रांतीनंतरच्या आठवड्यात नवरा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि मी असे तिघं पुन्हा गेलो, पाच रात्री मुक्कामाला. आणि तिथं राहून माझं मत उलटं झालं. बाटलीसाठी येणारी माणसं दीवच्या इतिहासाशी अजिबात फटकून नाहीत. पलीकडं जे चालत नाही ते अलीकडं चालतं, एवढ्या एका भांडवलावर हे बेट पाचशे वर्षं धंदा करतंय. माल तेवढा बदलत गेला.

आधी ती खाडी बघायला हवी. सौराष्ट्राच्या दक्षिण कडेला, उना गावाच्या खाली, दीव किनाऱ्याला इतकं चिकटून आहे की हे बेट आहे असं कुणी सांगितल्याशिवाय नकाशात कळू नये. पूर्व-पश्चिम अकराएक किलोमीटर लांब, रुंदी जेमतेम तीन. उत्तरेकडं खाडी, चिखल आणि मिठागरं. दक्षिणेकडं उघडा अरबी समुद्र आणि पिवळे कडे. जायला दोन पूल, एक पूर्वेला घोघल्याचा, दुसरा पश्चिमेला तडचा. त्यात घोघला गाव मुख्य भूमीवर असूनही दीवमध्ये मोडतं, म्हणजे हद्द पाण्यावरून पुढं जाऊन जमिनीवर पाय ठेवून उभी आहे. पहिल्या संध्याकाळी आम्ही घोघल्याचा पूल गप्पा मारत चालत ओलांडला. अर्ध्यावर नवरा थांबला, कठड्यावरून खाली वाकून बघत म्हणाला, "ह्यापेक्षा आपली ठाण्याची खाडी रुंद आहे."

खरंच आहे. एवढ्याशा पाण्यासाठी तुर्क आले, इजिप्तहून आरमार आलं, गुजरातचा एक सुलतान जिवाला मुकला.

पण इतिहासाआधी दगड. आपल्या डोळ्यांत किल्ल्याचा रंग काळा असतो, फार तर जांभ्याचा तांबडा. दीव सगळं साजूक तुपाच्या रंगाचं आहे. तट पिवळा, कडे पिवळे, जुन्या घरांची जोती पिवळी. हा चुनखडक. वाऱ्यानं आणि लाटांनी आणून टाकलेली वाळू, तिच्यात अतिसूक्ष्म सागरी जीवांची कवचं, आणि सगळं चुन्यानंच सांधून घट्ट झालेलं. भूशास्त्रात ह्याला मिलिओलाइट म्हणतात. मुंबईकरांना तो वेगळ्या नावानं ओळखीचा असतो : इंग्रजांच्या काळातल्या कित्येक इमारतींत 'पोरबंदरी दगड' म्हणून तो बसलेला आहे. मऊ, करवतीनं कापावा असा, कोरीवकामाला आज्ञाधारक. आणि खाऱ्या वाऱ्यात हळूहळू पीठ होणारा.

तो सगळ्यात छान दिसतो नायडा गुंफांत. गुंफा म्हटल्यावर सासूबाईंनी सवयीनं चपला कुठं काढायच्या ते विचारलं. पण इथं लेणं नाही, मूर्ती नाही, कुणी भिक्षू राहिला नाही. शहराच्या तटाबाहेर पोर्तुगीजांनी बांधकामासाठी दगड काढला आणि जी पोकळी उरली ती ही. आत शिरलं की दालनामागून दालन, भिंतींवर छिन्नीच्या सरळ रेघा, पायऱ्यांसारखे टप्पे, वर छताला भोकं आणि त्यांतून उतरणारा उजेड. झाडांची मुळं छतातून खाली लोंबलेली. नीट पाहिलं तर दगडात तिरपे थर दिसतात, रांगोळीचं बोट ओढावं तसे. कधीकाळचा वारा कुठल्या बाजूनं वाहत होता ते त्या थरांत गोठून राहिलंय. आम्ही गेलो तेव्हा लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी तीन जोडपी आपापल्या दालनाची वाट बघत रांगेत उभी होती. सासूबाई एका कापलेल्या ठोकळ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे इथून काढलेलं तिकडं रचलं. तिकडचं पडत चाललंय आणि खड्डा मात्र शाबूत आहे."

गुंफांजवळच झांपा दरवाजा. शहराच्या तटाला असलेलं हे एक जुनं प्रवेशद्वार, लाल रंगवलेलं, वर सिंह, देवदूत आणि एक पाद्री कोरलेला. आमच्या रिक्षावाल्या काकांना मी 'झांपा' म्हणजे काय ते विचारलं. ते म्हणाले, "झांपो एटले दरवाजो." म्हणजे दरवाजा दरवाजा. आणि दीव हे नाव तरी काय, संस्कृत द्वीपाचंच ते झिजलेलं रूप. म्हणजे आपण 'दीव बेटावरचा झांपा दरवाजा' म्हणतो तेव्हा म्हणतो काय, तर बेट बेटावरचा दरवाजा दरवाजा. भाषा बदलणारी माणसं एकामागून एक येत गेली आणि आधीच्यांचा शब्द न समजल्यामुळं आपला शब्द पुढं चिकटवत गेली. आपण तरी काय वेगळं केलंय? बटाटा, पाव, साबण, पगार, घमेलं, पिंप, चावी हे सगळे पोर्तुगीजच. तुरुंगसुद्धा, म्हणतात. घरातली अर्धी हत्यारं त्यांच्या नावाची आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.

हे रिक्षावाले काका फुदम गावचे. पाचही दिवस त्यांचीच रिक्षा होती. मला ते 'बेन' म्हणत, सासूबाईंना 'बा', आणि खड्डा आला की मागं न बघता "बा, धीमे धीमे" असं रिक्षालाच समजावत. त्यांच्या हँडलला चाव्यांचा एक जुडगा अडकवलेला होता, सतत वाजणारा. रिक्षाला एवढ्या चाव्या कशाला, असं मनात आलं होतं. विचारायचं राहून गेलं.

आता किल्ला. आणि किल्ल्याआधी एक माणूस, मलिक अयाझ. रशियाकडून कुठूनसा गुलाम म्हणून आलेला हा माणूस गुजरातच्या सुलतानाच्या चाकरीत वर चढत दीवचा सुभेदार झाला आणि ह्या बेटाचं त्यानं बंदर केलं. तांबड्या समुद्राकडून, इराणी आखाताकडून, मलबारकडून येणारी जहाजं इथं लागत. सुलतान दूर, खाडी मध्ये, त्यामुळे हिशेब बराचसा अयाझच्या हातात. बंदराच्या तोंडाशी त्यानं साखळी टाकलेली होती. कुणाला आत घ्यायचं ते तो ठरवणार.

त्याच्याशी गाठ पडली पोर्तुगीजांची, आणि तिची सुरुवात झाली आपल्या चौलला. मार्च १५०८मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली आलं, अयाझची गलबतं त्याला मिळाली, आणि चौलच्या खाडीत त्यांनी पोर्तुगीज तुकडीला गाठलं. तिचा नायक लोरेन्सो द आल्मेदा तिथं मेला. हा पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा. अलिबागहून रेवदंड्याला जाताना चौल लागतं तेव्हा आपण सुरूची झाडं आणि बाजूला विकायला ठेवलेली शहाळी बघतो. एका बापाच्या सूडाची कहाणी तिथून सुरू झाली हे कुणी सांगत नाही. फ्रान्सिस्को द आल्मेदानं मुलाच्या मृत्यूनंतर दुसरं काही मनावरच घेतलं नाही. त्याच्या जागी नवा माणूस येऊन बसला होता, त्याच्याकडं सूत्रं द्यायचीही त्यानं टाळली. वाटेतलं दाभोळ जाळत, लुटत तो उत्तरेकडं गेला आणि ३ फेब्रुवारी १५०९ला दीवसमोर त्यानं ते सगळं एकत्र आरमार मोडलं. त्या एका दिवसानं पुढची शंभर वर्षं अरबी समुद्रात कुणाची चालणार ते ठरलं, असं इतिहासकार मानतात.

आणि अयाझ? त्यानं चौलच्या लढाईतले पोर्तुगीज कैदी चांगलं खायला-ल्यायला घालून जपून ठेवले होते. हरल्यावर ते त्यानं परत दिले, पैसे दिले, आणि दीव स्वतःकडंच राखलं. मला ह्या गोष्टीतला सगळ्यात दीवकर माणूस तोच वाटतो.

पोर्तुगीजांना किल्ला मिळाला तो लढून नाही. १५३१मध्ये मोठं आरमार घेऊन त्यांनी प्रयत्न केला तो फसला. मग हुमायूनच्या स्वारीनं गुजरातचा सुलतान बहादूरशहा कोंडीत सापडला आणि त्याला मित्र हवे झाले. डिसेंबर १५३४च्या तहात त्यानं वसई दिली, आणि वसईबरोबर साष्टी आणि मुंबईची बेटंही. पुढच्या वर्षी दीवला किल्ला बांधायची परवानगी. मुंबईची सात बेटं हा तेव्हा सौद्यातला किरकोळ माल होता. डोळा दीववर होता. हे वाचल्यापासून मी चर्चगेटच्या गर्दीत उभी असले की मला उगाच हसू येतं. हुमायून परत फिरला तसा बहादूरशहाला पश्चात्ताप झाला. फेब्रुवारी १५३७मध्ये तो पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हाला भेटायला जहाजावर गेला आणि परतताना झटापटीत समुद्रातच मारला गेला. त्याच्यासाठी ओतलेली एक प्रचंड तोफ आज लिस्बनच्या लष्करी संग्रहालयात 'दीवची तोफ' म्हणून ठेवलेली आहे.

किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र, चौथ्या बाजूला खडकात खोदलेला खंदक. ह्या वेळी आम्हाला पन्नास मिनिटांची घाई नव्हती. सासूबाई दीपस्तंभाजवळच्या सावलीत बसल्या आणि मी तटावरून फिरले. समोर खाडीच्या तोंडात पाणीकोठा, जहाजाच्या आकाराचा छोटा जलदुर्ग, पुढं तुरुंग म्हणून वापरलेला. किल्ल्यापासून तिथपर्यंत पाण्याखालून भुयार आहे असं सांगणारा माणूस भेटलाच. तो प्रत्येक किल्ल्यावर असतो, त्याला पगार कोण देतं कळत नाही.

१५३८चा वेढा तुर्कांचा. इजिप्तचा सुभेदार सुलेमान पाशा स्वतः आरमार घेऊन आला होता. आतली माणसं इतकी मेली, की शेवटी हत्यार उचलू शकणारे मोजकेच उरले. तुर्क निघून गेले म्हणून किल्ला वाचला. १५४६चा दुसरा वेढा तितकाच कडवा, आणि त्यातली एक गोष्ट मला तटावर उभी असताना सोडेना. गोव्याहून कुमक घेऊन आलेला गव्हर्नर जुआंव द कास्त्रो. त्यानं वेढा फोडला, पण त्याआधीच त्याचा मुलगा फेर्नांदो इथं दारूगोळ्याच्या स्फोटात गेला होता. तट पडलेले, पुन्हा बांधायला पैसे नाहीत. कास्त्रोनं गोव्याच्या नगरसभेकडं कर्ज मागितलं. तारण म्हणून मुलाच्या अस्थीच पाठवायचा त्याचा विचार होता, पण प्रेत अजून त्या अवस्थेला आलेलं नव्हतं. मग त्यानं आपल्या दाढीचे केस पाठवले. गोवेकरांनी पैसे दिले आणि केस परत केले.

पहिला बाप मुलासाठी इथं येऊन लढला, दुसऱ्याचा मुलगा इथंच राहिला. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ समुद्राकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "बायकांचं काय लिहिलंय? त्या पोरांच्या आयांचं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

किल्ला हातात आल्यावर पोर्तुगीजांनी केलं काय, तर अयाझचाच धंदा मोठ्या पाटीखाली. गुजरातच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचा परवाना घ्यायचा, तो 'कार्ताझ', आणि दीवला थांबून जकात भरायची. परवाना नसेल तर जहाज जप्त. म्हणजे चेकनाका. फक्त पोलिसांच्या जागी तोफा.

पुढं हे सगळं सरकत सुरतेकडं आणि मग मुंबईकडं गेलं आणि दीव मागं पडलं. तरी दीवचे वाणी मोझांबिकशी व्यापार करत राहिले : इकडून कापड, तिकडून हस्तिदंत, आणि गुलाम माणसंही. आज बेटावर जी सिद्दी कुटुंबं आहेत त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले. रस्त्याच्या कडेनं हातभर फांद्या फुटलेली ताडाची झाडं दिसतात, तिथं त्यांना होका म्हणतात. ताडाला फांदी फुटलेली पाहून आपण दचकतो, म्हणून की काय कोकणात त्याला रावणताड नाव आहे, एका धडाला अनेक डोकी. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणलं असं दीवमध्ये जो तो सांगतो. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र ह्या जातीला भारताच्या पश्चिम किनाऱ्याचीच लेक मानतात. फळ तपकिरी, दगडासारखं कडक, वरचा तंतुमय गर चघळायचा. नवऱ्यानं दात पणाला लावून एक चघळलं. "गुळात बुडवलेला काथ्या," असं त्याचं मत पडलं.

फिरंगीवाड्यातली चर्चं बघताना मला सारखी वसई आठवत होती. वसईला चिमाजीअप्पांच्या १७३९च्या विजयानंतर किल्ल्यातली चर्चं ओस पडली, आज तिथं कमानी आहेत आणि कमानींवर आकाश. तीच वास्तुकला दीवमध्ये छपरासकट उभी आहे. सेंट पॉल चर्च सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं. दर्शनी भागावर शिंपल्यांची, वेलबुट्टीची नक्षी, आत निळसर-पांढरा उजेड आणि वेदीमागं गडद लाकडी कोरीवकाम. अजून तिथं प्रार्थना होते. सेंट थॉमसचं आता संग्रहालय झालंय. तिथं लाकडी संत ओळीनं उभे, कुणाचा हात गेलेला, कुणाचं नाक, आणि सगळ्यांचे डोळे मात्र अगदी ताजे. सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये पुढं दवाखाना भरू लागला. इथले ख्रिस्ती आता थोडेच. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांत पोर्तुगीजपासून झालेली एक दीवची स्वतःची बोली अजून ऐकू येते. गुजरातीच्या समुद्रात तिचंही एक बेटच.

पुळणींबद्दल फार लिहीत नाही, कारण दीवच्या सगळ्या जाहिराती त्यांच्याबद्दलच असतात. नागवा घोड्याच्या नालेसारखी, सुंदर, आणि शनिवार-रविवारी जायची नाही. वाळूत जीप, आकाशात पॅराशूट, दोन्हींच्या मध्ये गाणी. घोघल्याची लांब आणि स्वच्छ, २०२०मध्ये तिला ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. मला आवडली जालंधर. छोटी, खडकाळ, शहराच्या पाठीला. जालंधर दैत्य इथं मारला गेला अशी तिथली समजूत. सासूबाईंनी ते ऐकलं आणि रिक्षावाल्या काकांना तुळशीच्या लग्नाची अख्खी कथा मराठीत सांगितली : वृंदा, तिचं पातिव्रत्य, विष्णूनं केलेली फसवणूक, शाप, तुळस. काका सगळं समजल्यासारखी मान डोलावत होते. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे हे आपल्या तुळशीचं सासर."

त्यांना सगळ्यात आवडलं ते फुदमचं गंगेश्वर. समुद्राच्या कडेला कपारीत उतरत्या पायऱ्या आणि खाली खडकात पाच शिवलिंगं, पांडवांनी स्थापलेली म्हणतात. भरतीच्या वेळी प्रत्येक लाट आत येऊन त्यांच्यावरून जाते. फूल वाहायचं तर लाट ओसरायची वाट बघायची आणि पुढची यायच्या आत मागं सरायचं. नवऱ्यानं आईचा हात धरलेला, काकांनी दुसरा. "बा, धीमे धीमे." तिसऱ्या प्रयत्नाला बेल लिंगावर पडला आणि लगेच समुद्रानं नेला. साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. वर येऊन त्या म्हणाल्या, "सोमनाथाला पावती फाडावी लागली होती."

चक्रतीर्थाच्या टेकडीवर आयएनएस खुकरीचं स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीनं ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर खाली गेले. काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती ठेवलेली आहे. तिच्या मागं तोच समुद्र. तिथं कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, शनिवारची गर्दीसुद्धा.

चौथ्या दिवशी पहाटे वणाकबारा. बेटाचं पश्चिम टोक, मच्छीमारांचं गाव. नागव्याला येणारी माणसं इथं येत नाहीत आणि त्यांचं नुकसान होतं. बंदरात होड्यांना होडी लागलेली, रंग एकापेक्षा एक भडक, किनाऱ्यावर नव्या होडीच्या फासळ्या उभ्या, बर्फाचा चुरा, टोपल्या, आणि बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. तो वास आला आणि नवरा भायखळ्यापासून वसईपर्यंतचं बालपण आठवून उजळला. पापलेट, कोळंबी, वाकट्या, माकूल, सगळं होतं. पण दुपारी खानावळीत विचारलं तर पनीर टिक्का, दाल फ्राय आणि गुजराती थाळी. मासा मिळतो तो तंदुरी, लाल रंगाचा, चवीपुढं रंगच जास्त. एवढं ताजं म्हावरं दारात असून त्याचं साधं कालवण कुणी पाहुण्यापुढं ठेवत नाही, ही माझी दीवबद्दलची एकमेव गंभीर तक्रार. नवऱ्यानं बिअर मागवून ती तक्रार मागं घेतली.

चाव्यांचं कळलं ते परत येताना. फुदम, बुचरवाडा ह्या गावांतून रिक्षा जात होती. घरं नवी, टाइल्स लावलेली, रंगीत, गच्चीवर नक्षीचे कठडे. आणि दारांना कुलपं. एक, दोन, पाच. "लग्नाला गेलेत का सगळे?" सासूबाईंनी विचारलं. काका हसले. "लेस्टर गया, बा."

गोव्याबरोबर दीवही १९ डिसेंबर १९६१ला भारतात आलं. त्यानंतर १६ जानेवारी १९६७ला जे सार्वमत झालं ते आपण गोव्याचं म्हणून लक्षात ठेवतो, कारण त्यात महाराष्ट्राच्या आशेवर पाणी पडलं : फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे केंद्रशासितच. पण त्याच दिवशी दमण-दीवलाही विचारलेलं होतं, गुजरातेत जाता का? त्यांनीही नाही म्हटलं. भाषा गुजराती, नातीगोती उन्यात, बाजारहाट उन्यात, आणि तरी नको. १९८७मध्ये गोवा वेगळं राज्य झालं, २०२०मध्ये दादरा-नगर हवेलीशी ह्यांची मोट बांधली गेली. अपिलाला अजूनही मुंबईच्या उच्च न्यायालयात यावं लागतं. मलिक अयाझ असता तर त्यानंही दोन पानांवरच शिक्का मारला असता.

आणि मग पासपोर्ट. १९६१च्या आधी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना, पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. आजोबांचा जन्मदाखला चर्चच्या नाहीतर कचेरीच्या वहीत सापडला, की नातवाला युरोपचं दार उघडं. पोर्तुगालमध्ये थोडेच राहिले. बरेचसे पुढं इंग्लंडला, लेस्टरला गेले. काकांचा मुलगाही. पॅकिंगच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. पलीकडं जे मिळत नाही ते अलीकडं मिळतं, हे दीवचं गणित आता उलटीकडून मांडलेलं. ह्या वेळी माल म्हणजे माणसंच.

"मग ह्या चाव्या?"

"अगियार घर," काका म्हणाले. अकरा घरं. दर आठवड्याला दोन-दोन करून उघडायची, झाडायची, नळ सोडायचे. दिवाळीत प्रत्येक उंबऱ्यावर दिवा. त्याचे पैसे घेता का, असं नवऱ्यानं विचारलं, तेव्हा त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

शेवटच्या दिवशी स्टेशनला जायच्या आधी त्यांना त्यांतलं एक घर उघडायचं होतं. बरोबर चला म्हणाले. सासूबाई ओट्यावर बसल्या. आत सोफ्यावर चादरी, भिंतीवर श्रीनाथजी, कोपऱ्यात पोत्यानं झाकलेली स्कूटर. काकांनी खिडक्या उघडल्या, नळ सोडला. आधी नुसता खोकला, मग तांबडं पाणी, मग पांढरं. स्कूटरला चार किका मारल्या. मग फोन लावून पडद्यावर घर दाखवायला लागले : ही मोरी, हा माळा, हे बघ, भिंतीला ओल नाही. पलीकडून जाड जाकिटातला एक मुलगा "कूवो बतावो," म्हणाला. विहीर दाखवा. काका परसात गेले, फोन विहिरीवर धरून उभे राहिले. पाणी बरंच खाली होतं. दोघंही काही बोलले नाहीत.

परत निघताना कुलूप लागेना. खाऱ्या हवेनं चावी आत धरली होती. काकांनी इकडं-तिकडं पाहिलं आणि खिशातून एक चपटी छोटी बाटली काढली. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं.

खोबरेल होतं. दोन थेंब सोडले, चावी फिरली.